पान्हा चोरणारी म्हैस

जनावरं मनातलं बोलून दाखवत, त्या काळी मोरणी नावाची म्हैस आपल्या रेडकासह नव्या गोठ्यात आली. आधीच्या घरी वैरण उजाडताच मिळे आणि दुपारी डुंबायला ओढा असे. इथे वैरण कुणाला आठवली तर मिळे, आणि डोळा लागतो न लागतो तोच शेजारची गिरणी घरघरू लागे. तिचं दूध आटत गेलं. रेडकाच्या बरगड्या दिसू लागल्या.

"पान्हा चोरते मेली," मालकीण म्हणाली.

"चोरून ठेवू कुठे?" मोरणीनं गोठ्यातल्या म्हाताऱ्या शेळीला विचारलं.

"मनाला लावून घेऊ नकोस, बाई. शांतपणे रवंथ करत बस."

"मावशी, रवंथ करायलाही आधी पोटात काहीतरी लागतं."



अखेर मोरणीला विकायचं ठरलं. गिऱ्हाइकाला ती चांगली दिसावी म्हणून दोन दिवस तिला वेळेवर सरकी मिळाली, अंगावर पाणी मिळालं. गिरणीपासून लांब चिंचेखाली बांधलं, तिथे झोपही लागली. आणि तिला पान्हा फुटला.

"बघा, होतं की अंगात," म्हणत मालकीण बादली आणायला धावली.

तेवढ्यात मोरणीनं रेडकाला हाक मारली. ते धडपडत आलं, त्यानं आचळाला तोंड लावलं. ओढायची ताकद मात्र त्याच्यात उरली नव्हती. दूध त्याच्या ओठांवरून मातीत ठिबकत राहिलं, आणि मोरणी त्याचं डोकं चाटत राहिली.