बिनवासाचा

दोष तात्यांचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागाहून कुणी वाऱ्याला बोल लावतं, कुणी कोळिणीला, आणि थोरले नेहमीसारखे हात झटकून मोकळे होतात.

मुंग्यांच्या त्या राज्यात डोळ्यांवर कुणाचा भरवसा नव्हता. भरवसा वासावर. वारुळाच्या दाराशी पहारेकरी उभे असत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला मिशा लावून हुंगत. घरचा वास आला की आत. नाही आला की तो शत्रू, मग तो काल शेजारी झोपलेला का असेना. वासाला जात नव्हती, वय नव्हतं, असं थोरले अभिमानाने सांगत. थोरल्यांना मात्र कुणी हुंगत नसे.

वर्षातून एकदा वारुळातल्या तरण्या पोरापोरींना पंख फुटत. त्यांना वाजतगाजत दाराबाहेर काढत, ते उडत, आणि परत कुणीच येत नसे. ते सूर्याच्या घरी सुखात नांदतात, असं थोरले सांगत. त्यांच्या नावाने कोठारात गोडधोड होई. ते खात कोण, हे विचारायचं नसे.

काजळ्या नावाच्या मुंगळ्याने एकदा विचारलं. तो रांगेची तालीम अर्धवट सोडून आलेला होता. दुसऱ्याच्या बुडाकडे बघत जन्मभर चालायचं ते आपल्याला जमणार नाही, असं तो गुरुजींना तोंडावर म्हणाला होता. तेव्हापासून वारुळात त्याला कुणी भलं म्हणत नसे. कोठाराचे मुख्य असलेल्या तात्यांना मात्र तो अचानक आवडायला लागला, आणि तिथेच काजळ्याला संशय यायला हवा होता.

"पंखवाल्यांचे फार लाड झाले," तात्या त्याला कोठाराच्या कोपऱ्यात घेऊन म्हणाले. "आपल्यातला, साधा, बिनपंखी कुणी वर जाऊन आला पाहिजे. तू जा."

"पंखाशिवाय?"

"बांधावर ती कोळीण आहे ना, ती धाग्यावर बसवून वर सोडते. एका मेल्या माशीच्या बदल्यात. माशी कोठारातून मी देतो."

"कोळीण मुंगळ्याला वर सोडते? खात नाही?"

"तू फार प्रश्न विचारतोस," तात्या म्हणाले. "वर जा, बघ, खाली ये आणि सांग की आपलं वारूळ सगळ्यांत उंच दिसलं."

"आणि नाही दिसलं तर?"

"दिसेल रे. न दिसायला काय झालं?"

कोळीण एका वाळक्या गवताच्या टोकावर बसली होती. तिने काजळ्याला आठही डोळ्यांनी नीट न्याहाळलं. तो दोन पावलं मागे सरला.

"घाबरू नकोस बाळा, धंदा आहे माझा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक खाल्लं तर दुसरं कोण येईल? पण एक अट. तुझ्या अंगाला मुंगीचा वास येतोय, आणि तो आला की मला भूक लागते. ती माझ्या हातात नाही. तेव्हा दवात अंग चोळून ये. एकदा नाही, रोज, वास जाईपर्यंत."

वास गेला तर घर गेलं. काजळ्या तसाच माघारी आला आणि नाही म्हणाला. तात्यांनी त्यावर तोड काढली. लांबच्या कामाला जाणाऱ्यासाठी वारुळात जुनी रीत होतीच: मातीचा एक खडा अंगावर चोळायचा, त्यात आपला वास मुरवायचा, आणि तो दाराआड जामीन ठेवायचा. परतल्यावर तोच खडा पुन्हा अंगाला चोळला की गडी घरचा. "तुझा खडा माझ्यापाशी राहील," तात्या म्हणाले. "माझ्यापाशी म्हणजे वारुळापाशी."

काजळ्याने खडा दिला. मग तो बांधाच्या कडेला राहून रोज दवात लोळला. कोळिणीने त्याला धाग्याला कसं बिलगायचं ते शिकवलं, झोक्यावर गरगरवलं, तो ओकला तेव्हा हसली. दुरून रांगेतल्या मुंग्या बघत आणि आपसांत म्हणत, "बघा, कोळिणीच्या अंगणात कसा रुळलाय. फितूर असणार." आणि काजळ्या कोळिणीकडे बघून मनात म्हणे, ही मला लठ्ठ करतेय की तयार करतेय?

वारा सुटला त्या सकाळी तिने धागा सोडला. गवत सुटलं, बांध सुटला, पाय कशालाच लागेनात. वरच्या धाग्याने त्याला ओढलं, आणि गवताला बांधलेल्या खालच्या धाग्याने धरून ठेवलं. काजळ्याला सगळ्यांत आधी जाणवलं ते हे की इथे वासच नाही. जन्मात पहिल्यांदा मिशा मोकळ्या राहिल्या आणि त्याला डोळ्यांनी बघावं लागलं.

आपलं वारूळ त्याला शोधावं लागलं. माळावर तशी पुष्कळ वारुळं होती आणि सगळी सारखीच दिसत होती. त्याचं काही उंच नव्हतं. पण ते सोडा. वारुळाच्या मागे, वारुळातलं कधीच कुणी जात नसे त्या बाजूला, तरवडाचं झुडूप होतं. झुडपाखाली काहीतरी चकाकत होतं. त्याला आधी पाणी वाटलं. मग वारा फिरला, धागा तिकडे झुकला, आणि त्याने पाहिलं: पंख. वर्षानुवर्षांचे, नुसते पंख, ढिगाने. वर फांदीवर कोतवाल पक्षी ओळीने बसले होते, ठरलेल्या जेवणाची वाट बघावी तसे.

कोळिणीने धागा गुंडाळून त्याला खाली घेतलं. त्याने नमस्कारही केला नाही. तो धावत सुटला. नव्या पंखवाल्यांची वरात उद्यावर आली होती आणि त्याच्याबरोबरच वाढलेली पोरं त्यात होती.

इथे त्याने चूक केली. आधी वास आणि मग तोंड, ही रीत प्रत्येक बाळमुंगीला ठाऊक असते. काजळ्या दाराशी पोचायच्या आतच ओरडला. "कुणी सूर्याकडे गेलेलं नाही! सगळे मागच्या तरवडाखाली मेलेत! उद्या कुणाला सोडू नका!"

दारात तात्या उभेच होते. ते शांतपणे पहारेकऱ्यांना म्हणाले, "रीतीप्रमाणे हुंगा."

पहारेकऱ्यांनी मिशा लावल्या. "कसलाच वास नाही."

"खडा आणा ना माझा! तात्या, खडा तुमच्यापाशी आहे!"

"कुठला खडा?"

"मी दिला तो!"

"हां, तो. अरे, कोठाराची भिंत खचली होती, तिथे लिंपला. वारुळाची माती वारुळालाच लागली, त्यात काय बिघडलं?"

"तात्या, मी काजळ्या. तुम्ही ओळखता मला."

"बाळा, मी ओळखून काय होतंय?" तात्या म्हणाले, आणि आवाजात खरोखरच माया होती. "रीत ओळखत नाही ना."

पहारेकरी धावून आले. त्यातला एक त्याच्याशेजारीच झोपत असे. त्याच्याच चाव्यात काजळ्याची उजवी मिशी गेली.

दुसऱ्या दिवशी दारापुढे गर्दी झाली. काजळ्या दूर एका पानाआड होता. तात्यांनी आपल्या पुतण्याला पुढे आणलं. मखमल्या त्याचं नाव, कोठाराबाहेर त्याने कधी पाय टाकलेला नव्हता. "हा आपला बिनपंखी वीर," तात्या म्हणाले. "काल वर जाऊन आला."

मखमल्याने सांगितलं की वरून आपलंच वारूळ सगळ्यांत उंच दिसतं, आणि सूर्याच्या घरी सगळे खुशाल आहेत, त्यांनी निरोप दिलाय की लवकर या.

कुणीतरी मागून म्हणालं, "कशावरून?"

पहारेकरी पुढे झाले. त्यांनी मखमल्याला डोक्यापासून बुडापर्यंत नीट हुंगलं, दोनदा हुंगलं, आणि वळून गर्दीला सांगितलं, "शंकाच नको. याला नखशिखांत वारुळाचाच वास आहे."

गर्दी नाचली. पंखवाली पोरं एकेक करून मखमल्याला अंग घासून गेली आणि तरवडाच्या दिशेने उडाली. काजळ्या पानाआडून नावानिशी हाका मारत राहिला. बिनवासाच्या हाकेला तिथे कुणी वळत नसे.

काजळ्याची एक मिशी गेली, घर गेलं, आणि वर गेल्याचा मान पुतण्याला मिळाला.