पैलगावच्या वाटेवरचं वाचनमंडळ

त्या राज्यात सगळे बैल प्रवासात होते. प्रवास पैलगावचा, वाट सरळ, आणि वाटेला फाटा म्हणून नव्हता. सकाळी एक हात यायचा, डोळ्यांवर झापड बांधायचा, मानेवर जू ठेवायचा आणि चालणं सुरू व्हायचं. दिवस कलला की तोच हात झापड सोडायचा आणि बैल बघायचे, तर मुक्काम आलेला असायचा.

मुक्काम सगळे एकसारखे होते. तीच दगडी गव्हाण, तीच ओल आलेली भिंत, कोपऱ्यात तोच जुन्या कागदांचा ढीग. याचं बैलांना मोठं कौतुक होतं. एवढ्या लांबलचक वाटेवर मुक्कामामागून मुक्काम हुबेहूब बांधून काढणं हे काही खायचं काम नव्हे. भिंतीवरची पालसुद्धा दर मुक्कामी तीच असायची. "तिलाबी पैलगावलाच जायचं आसंल की," हरण्या म्हणायचा. "वाट काय आपल्या बापाची हाय व्हय?"

वाचनमंडळात बैल तिघं होते. हरण्या त्यांत धाकटा. अंगानं धडधाकट, तोंडानं त्याहून. बाशिंग्या सगळ्यांत थोरला. त्याचे गुडघे सुजून नारळाएवढे झाले होते आणि उठताना तो आधी बराच वेळ नुसता उठायचा विचार करायचा. मधला पाखऱ्या. तो आजवर तीनदा विकला गेला होता आणि तिन्ही धन्यांनी त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर आपापल्या नावाचं अक्षर डागलं होतं. जखमा चाटायला मान वळवून वळवून त्याला ती तीन अक्षरं पाठ झाली आणि बाकीची त्यानं अंदाजानं जुळवली. शिक्षण असंही होतं. साहजिकच वाचनमंडळाची पुस्तकं निवडायचं काम त्याच्याकडे आलं.

सोमवारी वाट बंद असायची. त्या दिवशी जू नाही, झापड नाही. तिघं गव्हाणीपाशी बसायचे आणि पाखऱ्या वाचायचा. कोपऱ्यातला ढीग म्हणजे पुढे गेलेल्या प्रवाशांनी मागच्यांसाठी ठेवलेली पुस्तकं, अशी बैलांची समजूत होती. हात त्यातली पानं फाडून पेंडीची पुडकी बांधायचा, तेव्हा त्यांना फार वाईट वाटायचं. पान जिभेनं उलटावं लागे. त्यात एखादं पान गिळलं गेलं, तर कथेचा तेवढा भाग ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरून काढायचा, असा मंडळाचा नियम होता.

ढिगात कादंबऱ्या दोनच तऱ्हेच्या होत्या, कारण बैलांना विषय एकच होता: पैलगाव कसं असेल? काही लेखकांच्या मते तिथं गव्हाण आपोआप भरत होती, जू अंगणात पडून त्यातून गवत उगवलं होतं, आणि कुठं जायचं ते बैल सभा घेऊन ठरवत. सभा इतक्या लांबत की कुणी कुठंच जात नसे. दुसऱ्या लेखकांच्या मते तिथं रवंथ करायलाही परवाना लागत होता आणि शेजाऱ्याकडे बघून हंबरलं तर शेपूट कापली जात होती. पहिल्यांना गोड पुस्तकं म्हणायचं, दुसऱ्यांना कडू.

हरण्या कडूच्या बाजूचा. "गोडात काय घडतंया सांगा! समदे पोटभर खात्यात आन् मग चाळीस पानं ढेकर देत्यात. कडू वाचलं म्हंजी कसं, आपला कडबा ग्वाड लागतो." बाशिंग्या मात्र गोडच मागायचा. आणि पाखऱ्या गेली दोन वर्षं गोडच निवडत होता. हरण्यानं कितीही कुरकुर केली तरी.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी पाखऱ्याच्या झापडीला डाव्या डोळ्यापाशी तिळाएवढं भोक पडलं. त्यातून त्याला दिसलं, की आपल्या जुवाला एक दांडा जोडलाय, दांडा एका लाकडी घाण्याला जोडलाय, आणि आपण घाण्याभोवती फिरतोय. शेजारच्या घाण्याभोवती बाशिंग्या फिरत होता, पलीकडच्या घाण्याभोवती हरण्या. ज्या खांबापासून पाखऱ्या निघाला त्याच खांबाशी तो दुपारपर्यंत चारशे वेळा पोचला. घाण्याचा बैल ही म्हण त्यानं पूर्वी ऐकली होती. ती दुसऱ्या कुणाबद्दल असते, असं त्याला वाटायचं.

आणखीही एक गोष्ट त्यानं पाहिली. चालता चालता एखादा बैल खाली बसला, तर हात त्याला जवळच्या वाटेनं पैलगावला पोचवतो, असं सगळे जरा हेव्यानंच म्हणत. तेव्हा असलेला कोसल्या नावाचा चौथा बैल एके दिवशी असा बसला. पाखऱ्यानं भोकातून पाहिलं. हातानं कोसल्याच्या शिंगांना दावं बांधून त्याला मागच्या दारानं बाहेर ओढलं. तिथं फळ्यांची एक गाडी उभी होती आणि तिच्या फळ्यांना रक्त होतं. पुढच्या महिन्यात हाताजवळ कोरा करकरीत चामड्याचा चाबूक आला.

त्या दिवसापासून पाखऱ्याला एकच धास्ती लागली. बाशिंग्या गुडघ्यांवर चालत नव्हताच, तो पैलगावच्या आशेवर चालत होता. ती आशा गेली तर तो बसणार, आणि बसला तर संपला. पाखऱ्याचा त्याच्यावर फार जीव होता. नवखा होता तेव्हा बाशिंग्यानं आपल्या गव्हाणीतली सरकी त्याच्याकडे नाकानं ढकलली होती, एकदा नव्हे, कितीतरी दिवस. म्हणून पाखऱ्या दर सोमवारी ढीग उपसून गोड पुस्तक शोधायचा. गोड नाही मिळालं तर कडूचं गोड करून वाचायचा. परवान्याच्या जागी प्रसाद म्हणायचा आणि शेपूट कापायच्या जागी शेपटीला गोंडा बांधायचा.

असं चाललं असताना एका रविवारी संध्याकाळी बाशिंग्यानं आपल्या गव्हाणीखालून एक पुस्तक नाकानं बाहेर सरकवलं. त्याला पुठ्ठा नव्हता. कोपरे चाटून चाटून कापसासारखे मऊ झालेले होते.

"उद्या ह्ये वाच," तो म्हणाला.

पाखऱ्यानं रीतीप्रमाणे आधी आपल्यापुरतं वाचून पाहिलं. त्या कादंबरीतलं राज्य म्हणजे एक छपरी होती. तिच्यात घाणे होते, बैल डोळ्यांवर झापड बांधून त्यांच्याभोवती फिरत होते आणि आपण लांब चाललोय असं समजत होते. शेवटी त्यांतला म्हातारा बैल खाली बसतो, त्याला मागच्या दारानं ओढून नेतात आणि बाकीचे बैल चालत राहतात. तिथं पुस्तक संपत होतं.

"दादा, ह्याला कसर लागलीय," पाखऱ्या म्हणाला. "दुसरं बघू."

"कसर कवा न्हाई लागत? ह्येच वाच."

सोमवारी पाखऱ्या वाचायला बसला तो मनाशी सगळं ठरवूनच. घाण्याच्या जागी त्यानं डोंगर घातला, झापडीच्या जागी मुंडावळ्या घातल्या आणि फिरण्याच्या जागी सरळ चालणं. कथा कशीबशी सतराव्या पानापर्यंत आली. हरण्यानं दोनदा जांभई दिली. "हे बी ग्वाडच निघालं," असं पुटपुटत तो उठला आणि हौदावर पाणी प्यायला गेला.

त्याची पाठ वळल्यावर बाशिंग्या हळूच म्हणाला, "पाखऱ्या, सतराव्या पानावर 'सरळ' असा शबूदच न्हाई."

पाखऱ्याची जीभ पानावरच राहिली.

"तुला काय वाटलं, तुझ्याच झापडीला भोक पडलंय व्हय? माझी तर अकरा वर्षं झाली फाटून. अक्षरं मलाबी येत्यात, तू यायच्या आधी पुस्तकं म्याच निवडत हुतो. ह्ये गव्हाणीखाली दडवलं त्ये बी म्याच."

"मग गोड गोड का मागत हुतास, दादा?"

"तू वाचायचास तवा तुझं त्वांड बघत हुतो की रं. म्हनलं, पोराला आशा हाय, तर आपुन कशाला मोडा?"

पाखऱ्याला रडू फुटलं. दोन वर्षं तो ज्याच्यासाठी खोटं वाचत होता, तो ते त्याच्यासाठी ऐकत होता. आणि दोघंही रोज तीच वाट शेजारी शेजारी चालत होते, एक अक्षर न बोलता.

"आता का वाचायला लावतोस मग?"

"गुडघं संपलं, पाखऱ्या. उद्या काय म्या उभा ऱ्हात न्हाई. म्या गेल्यावर तुमी म्हनशिला, दादा जवळच्या वाटंनं पैलगावला पोचला. तेवढं नको. जसं लिवलंय तसं वाच, हरण्यासमोर. त्यालाबी कळू दे."

हरण्या तोंडावरचं पाणी झटकत परत आला. पाखऱ्यानं पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर आणलं आणि जसं लिहिलं होतं तसं वाचलं. हरण्यानं या वेळी जांभई दिली नाही की मधे तोंड घातलं नाही. कडबा समोर तसाच पडला होता. म्हातारा बैल बसतो आणि बाकीचे चालत राहतात, ते शेवटचं पान संपलं.

मंडळाच्या रीतीप्रमाणे पाखऱ्यानं विचारलं, "कशी वाटली?"

हरण्यानं खूप वेळ रवंथ केला. मग म्हणाला, "चांगली हाय. पन श्येवट पटला न्हाई."

"का रं?"

"त्यो म्हातारा बसला आन् ही बाकीची चालतच ऱ्हायली? आसं कुठं आसतंय व्हय? लेखकाला काय बैल म्हाईत न्हाईत."

याला समजलं तरी का, असं पाखऱ्याच्या मनात आलं. त्यानं हरण्याच्या डोळ्यांत पाहिलं, पण तिथं त्याला काही वाचता आलं नाही. बाशिंग्यानं फक्त आपल्या गव्हाणीतली उरलेली सरकी नाकानं दोघांकडे सारली.

मंगळवारी सकाळी हात आला. त्यानं तिघांना झापड बांधली, जू ठेवलं आणि तो निघून गेला. बाशिंग्या कधी नव्हे इतका धीमा चालत होता. उन्हं छपरीत शिरली तेव्हा त्याच्या घाण्याची करकर थांबली आणि मागोमाग जड अंग जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

पाखऱ्या चालत राहिला. पायांना थांबायचं माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. ती गाडी, त्या फळ्या त्याला दिसत होत्या. अर्धा फेरा झाल्यावर भोकासमोर हरण्याचा घाणा आला. हरण्या उभा होता. त्याची झापड नवीकोरी होती, तिला कुठं भोक नव्हतं. कान टवकारून त्यानं शेजारच्या घाण्याची शांतता ऐकली, आणि मग आपले धडधाकट पुढचे पाय दुमडून तो खाली बसला.

पाखऱ्यानं आणखी तीन पावलं टाकली. चौथं टाकायला पाय उचलला, तो पुन्हा खाली ठेवला. मग तोही बसला. बसल्यावर जमीन ऊबदार लागली. छपरीत इतकी शांतता झाली की तिघांना एकमेकांचा श्वास ऐकू येत होता.

काही वेळानं मागचं दार उघडलं. हात आत आला आणि उंबऱ्यातच थांबला. त्याच्याकडे दावं एकच होतं.