तीनशेचं घर

सरदार तुळाजीराव ज्याच्यावर संतापत, तो माणूस पुन्हा दिसत नसे. लेकीला आंदण म्हणून घर द्यायचं होतं, तेव्हा त्यांनी विसाजीपंत कारकुनाला गावोगावचे भाव काढायला धाडलं. पंत परतले आणि सदरेवर भाव सांगू लागले.

“चौसोपी घर पैठणला दोन हजारांना आहे, जुन्नरला दीड हजारांना. आपल्या गावात... तीनशेला.”

“माझं गाव इतकं हलकं?” सरदारांचा हात तलवारीवर गेला. “कारण सांगा पंत, नाहीतर मान जाईल!”

खोटं बोललं तरी मरण, खरं बोललं तरी मरण.

“सरकार, तिकडे घराबरोबर निवांत झोपही मिळते. इथे नुसत्या भिंती मिळतात.”

पंतांनी डोळे मिटले.

तलवारीवरचा हात काढून सरदार हळूच म्हणाले, “लेकीसाठी पैठणचं घर घ्या.”