साळूने स्वतः लढवलेला दावा

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका रानात, करवंदीच्या जाळीखालच्या बिळात एक साळू आपल्या दोन पिलांसह राहत असे. बीळ तिच्या आईने खणलेले, तिचा जन्मही तिथलाच. एके दिवशी एका तरसाने रानाचे निवाडे करणाऱ्या म्हाताऱ्या गव्याकडे दावा लावला : "बीळ माझे आहे, साळूला तिथून बाहेर काढा." त्याने कोल्ह्याला वकील नेमले. शेजारचे वृद्ध कासव साळूला म्हणाले, "पोरी, तूही कुणाला तरी उभं कर. मुंगूस चांगलं बोलतं." साळू म्हणाली, "आजोबा, खरं सांगायला वकील कशाला? घर माझं आहे, मीच सांगेन."

ठरल्या दिवशी सारे रान वडाखाली जमले. कोल्हा गोड आवाजात म्हणाला, "बाई, गेल्या उन्हाळ्यात झरा आटला, तेव्हा बीळ सोडून तुम्ही नदीकाठी गेला होता ना?"

"हो, पण पाऊस पडताच मी..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

"म्हणजे बीळ रिकामं होतं. माझे अशील तिथं राहायला आले आणि परतल्यावर तुम्ही त्यांना हुसकावलंत. बरं, तुमचं तिसरं पिलू? ते वाटेत तहानेनं गेलं म्हणतात. की तुम्हीच त्याला टाकून पुढं गेलात?"

ते पिलू गेल्यावरही साळूने कितीतरी वेळ कुशीतून सोडले नव्हते. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. अंगावरचे सारे काटे सळसळून उभे राहिले आणि ती कोल्ह्यावर धावली. हरणांची पाडसे किंचाळत पळाली. कोल्हा शांतपणे गव्याकडे वळला, "पाहिलंत महाराज? माझ्या अशिलाला यांनी असंच घराबाहेर काढलं."

गवा म्हणाला, "मी इथं ऐकलेलं आणि पाहिलेलंच तोलू शकतो. साळूबाई, दिवस मावळायच्या आत बीळ रिकामं करा."

"अहो, माझ्या आईनं खणलंय ते!" साळू कळवळून ओरडली.

"हे आधी सांगायचं होतं. आता निवाडा झाला."

संध्याकाळी कासव जाळीपाशी आले. "तुझी आई बीळ खणत होती, तेव्हा मी इथंच होतो. आजही वडाखाली उभा होतो. पण बोलावल्याशिवाय साक्षीदाराला बोलता येत नाही. माझं नाव का नाही घेतलंस?"

"मला वाटलं, महाराज स्वतःच तुम्हाला विचारतील."

"कोण विचारणार, पोरी? ते तुझंच काम होतं."

पिलांना पुढे घालून साळू उघड्या माळाच्या दिशेने निघाली. मागे तरस माती उकरून बिळाचे तोंड आपल्या अंगाच्या मापाचे करत होता.

तात्पर्य : सत्य आपल्या पायांनी न्यायासनापुढे चालत येत नाही, त्याला थंड डोक्याने, साक्षीदारासह आणि वेळेत तिथवर न्यावे लागते.