कुरकुरणारी कडी

गाड्या एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका गावात शाळेच्या मुलांची ने-आण करणारी जुनी व्हॅन होती. एकदा तिच्याच वयाची दुसरी व्हॅन तिला भेटली आणि म्हणाली, "अगं, कारखान्याने आपल्या सालच्या सगळ्यांना परत बोलावलंय. दाराच्या कड्या कच्च्या निघाल्यात, बदलून देतायत."

जुनी व्हॅन फणकारली, "इतकी वर्षं नांदल्यावर आता परत जाऊ? लोक काय म्हणतील? मालक दर शनिवारी मला ताजी लिंबू-मिरची बांधतात. मला काय होतंय!"

"तुला नाही गं, पोरांना होईल," तिच्या दाराची कडी कुरकुरली. ती कुरकुर मालकाच्या कानी पडू नये म्हणून व्हॅन इंजिनाचा आवाज वाढवू लागली.

एका वळणावर दार उघडलं आणि चिमुरडी कुंदा रस्त्यावर पडली. तिचा हात मोडला.

मालकाने लगेच नवी कडी बसवून आणली. प्लास्टरमधला हात सांभाळत कुंदा आईबरोबर पायी शाळेला निघाली, तेव्हा वाटेत व्हॅन मालकाच्या दारात उभी होती. आईने तोंड फिरवलं. कुंदाने मात्र दुसऱ्या हाताने व्हॅनला थोपटलं.

"आई, हिच्यावर रागावू नकोस. हिला बिचारीला कुठे ठाऊक होतं?"

नवी कडी गप्प होती. व्हॅनला वाटलं, आता तरी हिने कुरकुरावं.