दहावा वाटा

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा होड्यांना इंजिनं नव्हती, शिडं होती, आणि तिवरपाड्यापर्यंत रस्ता यायचा होता. रस्ता खाडीच्या पलीकडच्या काठाला येऊन थांबला होता आणि पुढे जावं की जाऊ नये, याचा विचार करत बसला होता, असं म्हणतात. बरीच वर्षं बसला बिचारा.

त्या तिवरपाड्यात हरकूआय नावाची कोळीण राहायची. तिचा नवरा जोमा होडीचा तांडेल, म्हणजे पाण्यावर ज्याचा शब्द चालतो तो. होडी आणि जाळं मात्र लडकू नाखवाचं. होडीवर सात माणसं. पहाटे होडी किनाऱ्याला लागली, की सगळी मासळी वाळूवर ओतायची आणि तिचे सारखे नऊ वाटे घालायचे. सात माणसांचे सात, एक होडीचा आणि एक जाळ्याचा. शेवटचे दोन अर्थातच नाखवाच्या घरी जायचे.

वाटे घालायचे ते हरकूआयनेच. गुडघ्यावर बसून ती मासळी अशी सारखी करत जायची, की एका वाट्यात एक बोंबील जास्त नाही आणि दुसऱ्यात एक कोळंबी कमी नाही. एकदा परगावच्या एका व्यापाऱ्याने तिचे दोन वाटे गंमत म्हणून तागडीत घालून पाहिले. काटा जरासा कलला. मग लोकांनी त्याची तागडीच तपासली, आणि खोट तिच्यात निघाली, असं म्हणतात. तो व्यापारी पुन्हा काही तिवरपाड्यात फिरकला नाही.

तरीही कोणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून गावात खुणा टाकायची रीत होती. प्रत्येकाची आपली एक खूण असायची. जोमाची करवंटीचा तुकडा, कोणाचा शिंपला, कोणाचा चिंचोका, एकाची तर सुरमईच्या पाठीतला मणका. नाखवाची पितळेची दोन बटणं. हरकूआय समुद्राकडे तोंड करून पदर पसरायची, सगळे त्यात आपापली खूण टाकायचे, आणि मग ती डोळे मिटून एकेका वाट्यावर एकेक खूण ठेवत जायची. ज्याची खूण, त्याचा वाटा. आता इतक्या वर्षांत बोटांना सगळ्या खुणा ओळखू येत नसतील होय? येत होत्या. पण तिने बोटांनाही डोळे मिटायला शिकवलं होतं.

होडीवर पदू नावाचा एक खलाशी होता. त्याची मुलगी मथी. या पोरीला गणिताचं वेड. भरती कधी, ओहोटी कधी, अष्टमीला पाणी कुठवर चढेल, हे ती दगडी पाटीवर मांडून दाखवायची आणि म्हातारे तांडेल तोंडात बोटं घालायचे. तालुक्याच्या शाळेतून ती मॅट्रिक झाली आणि गावच्या शाळेचे मास्तर पदूच्या दारात येऊन म्हणाले, "हिला कॉलेजात घाला." पदू नुसता हसला. घरात सहा तोंडं आणि वाटा एक. त्यातून शहरात पोरीचं राहणं, खाणं, पुस्तकं, फी, आणि तेही चार वर्षं! दुसऱ्या दिवशी मथीने आईची मासळीची टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराची वाट धरली.

हरकूआयने तिला जाताना पाहिलं. टोपलीखाली पोरीची मान ताठ होती, पण ती चालत होती ती झोपेत चालल्यासारखी. हरकूआयला मूलबाळ नव्हतं. तिला त्या दिवशी काय वाटलं ते तिने कधी सांगितलं नाही. एवढंच झालं, की दुसऱ्या पहाटे वाळूवर दहा वाटे पडले.

"हरकू, चुकलीस," नाखवा म्हणाला. "एक जास्ती झाला."

"नाय चुकले. दहावा मथीचा हाय. कॉलेजात जाईल ती."

नाखवाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "जो होरीत नाय, त्याचा वाटा कसला गो?"

"होरी कदी जालं ओढते काय? जाल्याला पोट हाय काय? तरी त्यांना वाटा देतोस ना? मग ही पोरगी पन आपलं जालंच हाय असं समज. जरा लांब टाकलंय."

हरकूआयने नाखवाच्याच दोन वाट्यांवर बोट ठेवलं होतं. तो खोकला आणि आकाशाकडे बघू लागला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मथीजवळ खूण म्हणून द्यायला काही नव्हतं, तेव्हा तिने हातातली पाटीवरची पेन्सिल पदरात टाकली. हरकूआय म्हणाली, "तू शीक. तुजा वाटा इथं रोज असल. माजा शब्द हाय."

त्या दिवसापासून एक नवल घडू लागलं. पेन्सिल ज्या वाट्यावर पडे, त्याला मांजर शिवत नसे. बगळे त्याला वळसा घालून जात. घारी वर घिरट्या घालत, पण खाली झेप दुसऱ्याच वाट्यावर घेत. त्यामुळे बाकीचे लोक थोडे वैतागले, हेही खरं आहे.

हंगामाचे दहा-बारा दिवसच उरले होते. तेवढ्या दिवसांचे वाटे सुकवून टोपलीभर मासळी झाली. आता कॉलेज म्हणजे काय, तिथे काय देतात, काय घेतात, हे गावात कोणाला ठाऊक? वाटा पोरीचा, तो पोरीबरोबर जायचा, एवढं सरळ होतं. हरकूआय आणि पदू टोपली घेऊन खाडी उतरले, रस्त्याला लागले, शहरात पोचले आणि कॉलेजच्या कचेरीत टेबलावर त्यांनी ती टोपली ठेवली.

"हा तिचा वाटा," हरकूआय म्हणाली. "जपून ठेवा, ओल लागू देऊ नका."

कारकुनाने नाकाला रुमाल लावला. मग त्याने, भला माणूस होता म्हणून, बसवून सगळं समजावून सांगितलं. इथे पैसे लागतात, बाई. हरकूआय म्हणाली, असं होय! तिने टोपली उचलली, बाहेर कॉलेजच्या पायरीवर बसली आणि वाटे घालू लागली. सुक्या बोंबलांचा वास गल्लीबोळांतून फिरला आणि ज्याचं त्याचं आजोळ ज्याला त्याला आठवलं, असं म्हणतात. तासाभरात टोपली रिकामी. पहिल्या गिऱ्हाइकांत तो कारकूनही होता.

निघताना तो म्हणाला, "आई, पुढल्या वर्षीही फी याच दिवसांत भरायची. दर आषाढात."

परत येताना होडीत हरकूआयच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. कोळ्याला आषाढात पैसे! आषाढात होड्या वाळूवर ओढलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावायचा नाही. पण खाडीचं पाणी वल्ह्याखाली डुबुक डुबुक वाजत राहिलं आणि त्या आवाजात तिला हळूहळू वाट दिसली. तिने मनाशी पक्कं केलं, की दहावा वाटा ओला विकायचा नाही आणि शिजवायचा नाही. तो रोज सुकवायचा, माळ्यावरच्या कणगीत साठवायचा आणि पाऊस धरल्यावर काढायचा. तेव्हा ताजी मासळी कुठेच मिळत नाही आणि सुक्याला तिप्पट भाव येतो.

अशी तीन वर्षं गेली. कणगी दर आषाढात भरलेली असे. मथी सुट्टीत आली, की माळ्यावर चढायची आणि कणगीवर हात ठेवून उभी राहायची. खालून हरकूआय तिला बघायची. तिला वाटायचं, हे सगळं आपल्याला स्वप्नात पडतंय, आणि कोणी मोठ्याने बोललं तर जाग येईल. म्हणून ती स्वतःच कुजबुजत बोलायची.

चौथ्या वर्षी, मथीच्या शेवटच्या वर्षाची फी भरायला महिनाच उरला असताना, वैशाखात वादळी पाऊस झाला. अर्ध्या गावाची छपरं उडाली. हरकूआयच्या छपराच्या झावळ्या नेमक्या माळ्यावरच्या उडाल्या, आणि पाऊस थेट कणगीत पडला. तीन दिवसांनी ऊन आलं तेव्हा आतलं सगळं सडून गेलं होतं. दुसऱ्यांच्या घरी वेगळं काही नव्हतं. पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी साऱ्या गावाचीच गेली होती.

त्यातच हरकूआयला मथीचं पत्र आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं, "आय, पंधरा तारखेच्या आत फी आली नाही तर नाव काढतील. वादळाचं कळलं. नसेल जमत तर मी येते. मला टोपली डोक्यावर घेता येते."

हरकूआयने शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि पत्र पदराच्या टोकाला बांधलं.

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशीची मासळी म्हणजे प्रत्येक घरचे पुढच्या दोन-तीन महिन्यांचे तांदूळ. होडी धुक्यातून आली तेव्हा ती पाण्यावर आहे की हवेत, ते कळत नव्हतं. मासळी बरी मिळाली होती, पण दहा वाटे केले तर एका वाट्यात मथीची निम्मी फीसुद्धा भागणार नव्हती. हरकूआय गुडघ्यावर बसली. तिचे हात वाटे घालू लागले, आणि तिच्या डोळ्यांदेखत एक वाटा मोठा होत गेला. चांगला तिप्पट. आयुष्यात पहिल्यांदा तो हात खोटा चालत होता आणि तिला तो थांबवता येत नव्हता. आज बोटांनी बघायचं, पेन्सिल चाचपून काढायची आणि याच वाट्यावर ठेवायची, असं तिने ठरवून टाकलं. माणसं वाटे बघत होती, पण कोणी काहीच बोललं नाही. तिला वाटलं, धुक्यामुळे दिसलं नसेल.

ती उठली, समुद्राकडे तोंड केलं, पदर पसरला. मागून एकेक खूण पदरात पडली; मथीची नेहमीप्रमाणे पदूने टाकली. तिने डोळे मिटले आणि बोटं आत घातली. पेन्सिल पहिल्याच झटक्याला हाताला लागली. तिने ती मोठ्या वाट्यावर ठेवली. मग दुसरी खूण घ्यायला बोटं आत गेली, तर तीही लांबट, गुळगुळीत, गार. ती पेन्सिलच होती. तिसरीही पेन्सिलच.

हरकूआयने डोळे उघडले आणि पदर वाळूवर पालथा केला. करवंटी नव्हती, चिंचोका नव्हता, मणका नव्हता. नाखवाची पितळी बटणंसुद्धा नव्हती. मोजून दहा पेन्सिली होत्या.

"तुमच्या खुणा कुठं हायत?" ती ओरडली. "तुमचे वाटे कुठं गेले रं?"

सगळे पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिले. शेवटी लडकू नाखवा खोकला आणि आकाशाकडे बघत म्हणाला, "शिकाला गेले."

हरकूआय मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. रडता रडता तिने तो मोठा वाटा दाखवला. "आज माजा हात खोटा झाला. मी तुमच्या पोटावर पाय देत होते."

जोमा तिच्याजवळ बसला. "दहाच्या दहा तिचेच हायत," तो म्हणाला, "मग ल्हान काय न मोठा काय?" आणि सगळे हसले. तेव्हा तिने आपल्या हातांनी ते वाटे मोडले आणि सगळ्या मासळीचा एकच ढीग केला. मथीची फी तेरा तारखेला भरली गेली.

आता यात मौज अशी, की त्या सातही जणांनी आणि नाखवाने मरेपर्यंत शपथेवर सांगितलं, की आम्ही आमच्याच खुणा टाकल्या होत्या. पेन्सिली कशा झाल्या, ते दर्या जाणे. शाळेतल्या पेटीत त्या दिवशी नऊ पेन्सिली कमी भरल्या, असंही म्हणतात. मास्तरांना विचारलं, की ते म्हणायचे, उंदरांनी नेल्या असतील. दगडाच्या पेन्सिली खाणारे उंदीर तिवरपाड्याखेरीज कुठे ऐकले नाहीत.

तो पावसाळा कठीण गेला. पण रोज ओहोटीला खाडी तिसऱ्यांचे शिंपले आणि कालवं थेट दारापर्यंत आणून ठेवायची, आणि गावातलं एकही मूल उपाशी निजलं नाही, असं म्हणतात. मथी पास झाली, पुढे गणिताची बाई झाली आणि तिच्या पगारातला एक वाटा दर महिन्याला हरकूआयच्या कणगीत येऊ लागला. त्या कणगीतून किती पोरं शिकली, ते मोजायला पुन्हा मथीच लागेल.

हरकूआय गेली त्यालाही आता खूप वर्षं झाली. रस्ता विचार संपवून गावात आला, होड्यांना इंजिनं आली. तरी तिवरपाड्यात प्रत्येक होडीचा एक वाटा जास्तीचा पडतो आणि त्यावर पाटीवरची पेन्सिल असते. हंगामाच्या शेवटच्या दिवशी तर सगळेच पदरात पेन्सिली टाकतात. जितके वाटे त्याहून एक पेन्सिल त्या दिवशी जास्त भरते, असं म्हणतात. ती कोणाची, हे कोणी विचारत नाही.

मग वाटे घालणारी बाई डोळे उघडते आणि हरकूआयसारखीच ओरडून विचारते, "तुमचे वाटे कुठं गेले रं?" तान्ही पोरं कडेवर घेऊन उभे असलेले बाप, म्हातारे नाखवे, सुट्टीवर आलेली कॉलेजची मुलं, सगळे आकाशाकडे बघत खोकतात आणि एका आवाजात म्हणतात, "शिकाला गेले."