रिकाम्या जागेवरची रांगोळी

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध वस्ताद राहत होते. चाळीस वर्षे त्यांनी माणसांना घाटात गाडी चालवायला शिकवले होते. त्यांची परीक्षा साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. शिष्य गाडी वर चढवत असताना वस्ताद मागच्या सीटवर बसून सुईत दोरा ओवत. गिअर बदलताना गाडीला हिसका बसला की दोरा चुकायचा, आणि वस्ताद इतकेच म्हणायचे, "खाली चला. पुन्हा."

त्यांच्या शिष्यांमध्ये एक तरुण मुलगी होती. सहा वर्षे शिकून तिने ती परीक्षा अशी दिली, की घाटमाथा येईपर्यंत वस्तादांनी सदऱ्याचे तुटलेले बटण शिवून टाकले होते. आपला डावा पाय क्लचवर आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर असला, की हा घाट आपला आहे, असे तिला वाटे. तो अभिमान ती कुणाला बोलून दाखवत नसे. पण तो होता.

त्या वर्षी पायऱ्यांवरून घसरून तिचा डावा घोटा मोडला. हाड जुळले, पण पायात पहिला जोर आला नाही. घाटाची वार्षिक शर्यत महिन्यावर आली होती. गावातले एक मोटारींचे व्यापारी तिला शर्यतीसाठी गाडी देणार होते. गाडी छोटीच, पण बसकी आणि जबर ताकदीची. तिचे दोन प्रकार होते. एकीत गिअर हाताने टाकायचे, दुसरीत गाडी आपले आपण टाकणार.

"ताई, रविवारपर्यंत सांगा कुठली ते," शेठ म्हणाले. "मला नंबर रंगवून घ्यायचाय."

तिने आधी हाताच्या गिअरची नेऊन पाहिली. घाटाला अठरा वळणे आहेत. नवव्या वळणावर तिचा पाय क्लचवर थरथरू लागला आणि गाडी बंद पडली. ती खाली आली तेव्हा शर्यतीतले दोघे सोबती तिची वाट पाहतच होते.

"ऑटोमॅटिक घे की," एक म्हणाला. "आमची आत्या तीच चालवते. एका हाताने जपमाळ ओढते."

"बक्षीस मात्र गाडीच्या नावाने घ्यायचं हं," दुसरा म्हणाला.

ती हसली, पण ते बोलणे मनात रुतून बसले. त्याच संध्याकाळी ती वस्तादांकडे गेली.

"वस्ताद, ती घेतली तर शर्यत पुरी होईल. पण गिअर गाडीच टाकणार असेल, तर तुम्ही सहा वर्षं शिकवलंत त्यातलं काय उरलं?"

"रविवारी सकाळी ती ऑटोमॅटिक गाडी घेऊन ये," वस्ताद म्हणाले. "आणि येताना वाटीभर रांगोळी आण. पांढरी."

रविवारी शेठही आले. वस्तादांनी गाडीचे दार उघडले, गुडघे टेकले आणि चालकाच्या पायाशी, एरवी जिथे क्लच असतो त्या रिकाम्या जागेवर, काळ्या रबरी मॅटवर चाळणीने रांगोळी पसरली. शेठ कासावीस झाले. "अहो वस्ताद, नवी गाडी आहे. पूजा पुढे बॉनेटवर करतात."

"बसा शेठ," वस्ताद म्हणाले आणि स्वतः मागे जाऊन बसले. सवयीने त्यांनी सुई-दोरा काढला. मग काय वाटले कोण जाणे, तो परत खिशात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

गाडी निघाली. पहिल्या दोन वळणांवर शिष्येला सारेच परके वाटले. तिसऱ्या वळणावर गाडीने गिअर किंचित उशिरा उतरवला आणि तिला गाडीचा राग आला. चौथ्यापासून तिची बोटे स्टिअरिंगमागच्या छोट्या पट्ट्यांवर जाऊ लागली. त्या ओढल्या की गिअर बदलताना गाडी तिचे ऐके. पुढे ती रांगोळी विसरली, शेठना विसरली, पायही विसरली. माथ्यावर पोहोचली तेव्हा शेठ दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"आता खाली बघ," वस्ताद म्हणाले.

तिने पाहिले. रांगोळीच्या मधोमध, बुटाच्या टोकाएवढे काळे रबर उघडे पडले होते.

"एकवीस वेळा क्लच दाबलास," वस्ताद म्हणाले. "मी मोजत होतो. पाय दुखला?"

"मला कळलंसुद्धा नाही," ती हळूच म्हणाली. "तिथे तर काहीच नाही."

"म्हणून तर तिथे रांगोळी घातली. सुईची परीक्षा या गाडीत कुणीही उत्तीर्ण होईल. हिला हिसका ठाऊकच नाही. मला दुसरंच ऐकायचं होतं. पोरी, चढ लागला की मग गाडीला कळतं. तुझा पाय दर वेळी त्याच्या आधी वाजत होता. हात आणि पाय निरोप पोचवतात, एवढंच. निरोप पाठवणारं कुणीतरी आत बसलेलं असतं. सहा वर्षं मी त्याला शिकवत होतो. तुझ्या घोट्याला नाही. अभिमान त्याचा बाळग, आणि खुशाल बाळग."

"म्हणजे हीच घेऊ?"

"ते मी सांगणार नाही. घाट तुझा आहे."

ती क्षणभर त्या काळ्या ठिपक्याकडे पाहत राहिली. मग शेठना म्हणाली, "हिच्यावरच नंबर रंगवा."

उतरताना गाडी शेठनी चालवली. वस्तादांनी त्यांच्या पायाशीही मुकाट्याने रांगोळी पसरली होती. पायथ्याशी आल्यावर शेठनी वाकून पाहिले. रांगोळी जशीच्या तशी होती. "मी विकतो हो," ते म्हणाले. "चालवतो कुठे?"

शर्यतीत ती दुसरी आली. त्या सोबत्यांनी आत्याच्या जपमाळेचे नावही काढले नाही. पण शेठ धावत आले ते वेगळेच सांगायला. वस्ताद बाराव्या वळणावर उभे होते, डोळे मिटून. गाड्यांमागून गाड्या गेल्या, त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग एका गाडीचा आवाज वळणात नव्हे, वळणाच्या आधीच बदलला, आणि वस्ताद शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "ही माझी शिष्या."

खाली वाकून तिने डाव्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. बुटाच्या टोकाशी, शिवणीत, थोडी पांढरी रांगोळी अजून अडकलेली होती. तिने ती झटकली नाही.